सांघिक सायकल रोड रेस: पाचव्या फेरीत स्वार घोळक्यातून तुटला. फिटनेस कमी की आणखी काही?

पाचवा गिअर:

नमस्कार मंडळी. हौशी गटातल्या सहा जणांच्या संघाची आखणी माझ्याकडे असते. परवाच्या शर्यतीत एका स्वाराचा दिवस पार फसला, आणि त्याच्या मागोमाग संघाचाही. सगळे तपशील देतोय, जाणकारांनी नीट वाचून मत द्यावं.

शर्यत ११२ किमी, म्हणजे १६ किमीच्या सात फेऱ्या. सुमारे ७० स्वार. फेरीत तीन काटकोनी वळणं. त्यातलं शेवटचं चढाच्या पायथ्याआधी ३०० मीटरवर. चढ १.४ किमी, सरासरी ५ टक्के. माथ्यानंतर ४ किमी उघडा माळ, वारा डावीकडून. तापमान ३३ अंश. रेडिओला परवानगी नव्हती.

स्वाराचं वजन ७० किलो, सायकल-बाटल्या-कपडे धरून ८०. एफटीपी (साधारण तासभर टिकवता येणारी कमाल ताकद) २६५ वॅट. पुढे ५२ आणि ३६ दातांच्या चेनरिंग, मागे ११ ते २८ दातांच्या चकत्या. त्याला दिलेलं काम: पहिल्या चार फेऱ्या स्प्रिंटरला (शेवटच्या धडकेत जिंकू पाहणारा आमचा स्वार) सांभाळायचं आणि शेवटी लीडआउटमध्ये, म्हणजे त्याला रेषेपर्यंत वेगात नेणाऱ्या रांगेत, तिसरा गडी म्हणून ओढायचं.

पहिल्या तासाची सरासरी २०४ वॅट, नॉर्मलाइज्ड पॉवर (झटक्यांना जास्त वजन देऊन काढलेली सरासरी) २५६. चौथ्या फेरीपर्यंत चढावर ३१० वॅटच्या आसपास, ३ मिनिटं ५० सेकंद, काही तक्रार नाही. पाचव्या फेरीत पायथ्याशी मोठ्या चेनरिंगवरून लहानवर येताना चेन आत पडली. पंधरा सेकंद गेले. घोळक्याचं शेपूट त्याने जवळजवळ गाठलं, पण माथ्यावर ४० मीटर राहिले आणि माळावर ते वाढतच गेले. सहाव्या फेरीत दोन्ही पोटऱ्यांत गोळे. घोळका २ तास ५२ मिनिटांत आला, हा ३ तास २ मिनिटांत.

खाणंपिणं: ७५० मिलीच्या दोन बाटल्या, प्रत्येकी ३० ग्रॅम कार्ब (कर्बोदकं), आणि २५ ग्रॅमच्या दोन जेल. चढावरच्या फीड झोनमध्ये (बाटल्या द्यायच्या जागेत) तिसरी बाटली हातातून निसटली. शर्यतीआधी आणि नंतरच्या वजनात २.४ किलोचा फरक.

संघाचं म्हणाल तर चौघांचा गट तिसऱ्या फेरीत पळाला, त्यात आमचा कोणी नव्हता. ३० किमी उरले तेव्हा अंतर २ मिनिटं १० सेकंद. आमचे दोघे जण आळीपाळीने ओढत राहिले, बाकीच्या संघांचे स्वार मागे बसून. शेवटी २५ सेकंद कमी पडले आणि स्प्रिंटर एकूण चौदावा.

स्वार म्हणतो, चेन पडली नसती तर सगळं जमलं असतं. प्रशिक्षक म्हणतात, एफटीपी वाढवा. मला दोन्ही अर्धवट वाटतंय.

तिरपा वारा:

पाचवी फेरी बाजूला ठेवा, आधी पहिला तास बघा. सरासरी २०४ आणि नॉर्मलाइज्ड २५६, म्हणजे पावपट फरक. नॉर्मलाइज्ड पॉवर काढताना ३० सेकंदांची फिरती सरासरी चौथ्या घाताला नेतात, त्यामुळे छोटे छोटे झटके तिथे मोठे दिसतात. घोळक्यात नीट लपलेल्या स्वाराचे हे दोन आकडे इतके फाकत नाहीत. हा स्वार एफटीपीच्या ९७ टक्क्यांवर पहिला तास घालवून बसला होता, आणि माझ्या मते बहुतेक वेळ घोळक्याच्या शेवटच्या तिसऱ्या भागात होता. खात्री करायची असेल तर फाइलमध्ये प्रत्येक वळणातला किमान वेग आणि त्यानंतरच्या १५ सेकंदांतला कमाल वेग काढा.

पुढचे दहा जण वळण ताशी ३५ किमीच्या वेगाने घेतात आणि ४२ ला जातात. मागचे ब्रेक दाबत २० पर्यंत येतात आणि फट भरायला ४५ पर्यंत पळतात. ८० किलोला ३५ वरून ४२ वर न्यायला साधारण १.७ किलोज्यूल लागतात, २० वरून ४५ वर न्यायला ५. जवळजवळ तिप्पट, आणि त्यात हवेचा विरोध धरलेलाच नाही. फेरीत तीन वळणं, सात फेऱ्या, म्हणजे एकवीस वेळा हा फरक पदरी पडतो.

आता चढाचा हिशेब. एफटीपीच्या वर खर्च करायला शरीराकडे एक मर्यादित साठा असतो, त्याला डब्ल्यू प्राइम म्हणतात. हौशी स्वाराचा तो १५ ते २५ किलोज्यूल असतो, इथे १८ धरू. पायथ्याआधीच्या वळणातून निघताना मागच्या स्वाराने १२ सेकंद ६२० वॅट मारले की ४.३ किलोज्यूल गेले. मग चढावर ३१० वॅटने ३ मिनिटं ५० सेकंद, आणखी १०.३ गेले. माथ्यावर हातात उरले तीन-साडेतीन. पाचव्या फेरीत चेनमुळे तेही संपलं.

माथ्यावर ४० मीटर ऐकायला किरकोळ वाटतात. घोळका सपाटीवर ४२ ने चाललाय आणि तुम्ही ४४ ने गेलात तर ४० मीटर भरायला ७२ सेकंद लागतात, आणि वारा नसतानाही एकट्याला त्यासाठी चारशेच्या आसपास वॅट हवेत. म्हणजे एफटीपीच्या वरचे आणखी साडेनऊ-दहा किलोज्यूल. ते नव्हतेच. त्यामुळे चेन पडणं हे निमित्त खरं, पण तो स्वार पहिल्या फेरीपासून प्रत्येक माथ्यावर काठावरच होता. त्या दिवशी चेन पडली नसती तरी सहाव्या फेरीत कुणीतरी चढावर वेग वाढवला असता आणि हेच झालं असतं.

यावरचा उपाय जागेचा आहे. चढ दहाव्या-बाराव्या जागेवरून सुरू करायचा आणि घोळक्यातून हळूहळू मागे घसरायचं. ७० जणांचा घोळका चढावर साधारण ६० मीटर लांब धरा. १४०० मीटरमध्ये ६० मीटर गमवायचे म्हणजे २२ ऐवजी २१ ने चढायचं. ३१० च्या जागी २९५ वॅट पुरतात, आणि एफटीपीच्या वरचा खर्च १०.३ वरून सातवर येतो. दर फेरीला तिसरा हिस्सा वाचतो, आणि माथ्यावर तुम्ही तरीही घोळक्यातच असता.

पण ती जागा मिळवायची कुठे? वळणाच्या आधीच्या २०० मीटरमध्ये नाही, तिथे सगळेच घुसतात आणि पडापडी तिथेच होते. दीड-दोन किमी आधी, घोळका जरा सैल पडून रस्ताभर पसरतो तेव्हा. कुणीतरी कडेने वर जात असेल तर त्याचं चाक धरा, एकट्याने वाऱ्यात जाऊ नका. आणि स्प्रिंटरला सांभाळायचं काम याच्याकडे होतं हे विसरू नका. हा मागे होता तर स्प्रिंटरही मागेच होता, आणि त्याचेही पाय वळणावळणाला खर्च होत होते.

मीठसाखर:

खाण्यापिण्यावर लिहितो. तीन तासांत ११० ग्रॅम कार्ब, म्हणजे ताशी ३७. या तीव्रतेला ते अर्धंच आहे. ताशी ७५ ग्रॅम धरा. नुसतं ग्लुकोज असेल तर आतडं ताशी साधारण ६० ग्रॅमच शोषतं. फ्रुक्टोज वेगळ्या वाटेने शोषलं जातं, म्हणून दोन्ही मिसळले की ९० पर्यंत जाता येतं. पण त्याची सवय लागते. चार ते सहा आठवडे, आठवड्यातल्या एक-दोन लांब राइडना शर्यतीइतकंच खायचं. थेट शर्यतीच्या दिवशी ३७ वरून ७५ वर उडी मारली तर पोट बिघडणार.

७५० मिलीच्या एका बाटलीसाठी माल्टोडेक्स्ट्रिन (ग्लुकोजच्याच साखळ्यांची पावडर) १७ ग्रॅम, साधी साखर ३३ ग्रॅम, मीठ दीड ग्रॅम, थोडा लिंबाचा रस. साखरेत निम्मं ग्लुकोज, निम्मं फ्रुक्टोज असतं, त्यामुळे एकूण प्रमाण दोनास एक बसतं. मिठातून ५९० मिलिग्रॅम सोडियम मिळतं. चमच्याने मोजू नका, छोटा वजनकाटा वापरा. चमचाभर मीठ म्हणजे कुणाचे चार ग्रॅम असतात तर कुणाचे सात, आणि सात ग्रॅमची बाटली पिववत नाही. अशा तीन बाटल्या, म्हणजे १५० ग्रॅम, आणि २२ ग्रॅमच्या तीन जेल. एकूण २१६. पावणेतीन-तीन तासांना ताशी ७५ च्या जवळ बसतं.

पाण्याचा हिशेब तुमच्याच आकड्यांतून निघतो. वजन २.४ किलोने उतरलं, पोटात दीड लिटर गेलं, म्हणजे घाम ३.९ लिटर. ताशी जवळजवळ १.३. शरीराच्या वजनाच्या साडेतीन टक्के तूट झाली, उन्हात इतक्या तुटीने वॅट उतरतातच. तिसरी बाटली पोटात गेली असती तर तूट सव्वादोन-अडीच टक्क्यांवर थांबली असती. सगळा घाम भरून काढायचा प्रयत्न मात्र करू नका. नुसतं पाणी ढोसल्याने रक्तातलं सोडियम घटतं, ते जास्त धोक्याचं.

बाटली का निसटली तेही बघा. देणाऱ्याने बाटली वरच्या टोकाला, दोन-तीन बोटांत सैल धरायची आणि स्वार जातोय त्याच दिशेने चालत राहायचं. घेणाऱ्याने हात किंचित पुढे नेऊन, पकडताना तो मागे येऊ द्यायचा. पंजा ताठ ठेवला की बाटली आपटून उडते. देणारे दोन असावेत, वीसेक मीटर अंतरावर, म्हणजे पहिली हुकली तर दुसरी मिळते. जागा चढाच्या वरच्या निम्म्या भागात निवडा. पायथ्याशी सगळे जागेसाठी भांडत असतात, कुणाचाच हात मोकळा नसतो.

गोळ्यांबद्दल. फक्त मीठ कमी पडलं म्हणून गोळे आले, हे मला पटत नाही. हाच स्वार याच उन्हात सराव करतो आणि तेव्हा गोळे येत नाहीत, बरोबर? थकलेल्या स्नायूला सवयीपेक्षा जास्त जोर लावायला लावला की त्याला आकुंचनाचे इशारे जास्त जातात आणि सैल होण्याचे कमी, हे कारण जास्त जुळतं. गोळा आला की ताण देणं हाच सगळ्यात लवकर लागू पडणारा इलाज: तो पाय खाली असताना पेडलवर उभं राहून टाच खाली सोडा, गुडघा सरळ, दहा-पंधरा सेकंद. लोणच्याच्या आंबट खाऱ्या पाण्याचा घोट काहींना मिनिट-दीड मिनिटात आराम देतो. एवढ्या वेळात मीठ रक्तात पोचलेलंही नसतं, तो तोंडातल्या-घशातल्या चवीचा मज्जातंतूंवर होणारा परिणाम असावा.

दोन्ही पोटऱ्यांत एकदम आले म्हणून आणखी एक तपासा. सीट जरा उंच असली की स्वार नकळत पायाचा अंगठा खाली करून पेडल मारतो आणि पोटरीला उसंत मिळत नाही. मागून व्हिडिओ काढा, कंबर डावी-उजवी डुलते का पाहा. डुलत असेल तर सीट तीनेक मिलिमीटर खाली घ्या, क्लीट (बुटाखालची, पेडलमध्ये अडकणारी पट्टी) तीन ते पाच मिलिमीटर मागे. शर्यतीच्या आठवड्यात मात्र यातलं काहीही हलवू नका.

चढउतार:

प्रशिक्षकांचं म्हणणं उडवून लावू नये असं मला वाटतं. २६५ वॅट आणि ७० किलो म्हणजे ३.८ वॅट प्रति किलो. या चढावर घोळका ४.४ ने जात होता, तेही सात वेळा. जागा कितीही चांगली धरली तरी २९५ वॅट, म्हणजे एफटीपीच्या १११ टक्क्यांवर सात वेळा चढायचंय.

पण नुसती एफटीपी वाढवायला बसलात तर बराच काळ जाईल. त्यापेक्षा थकलेल्या पायांनी तेच काम परत करता येतं का, ते आधी बघा. ताज्या पायांनी पाच वेळा चार मिनिटं मारणं वेगळं आणि १५०० किलोज्यूल खर्च झाल्यावर मारणं वेगळं. सराव असा: दीड तास २०० वॅटच्या आसपास, मग १२ सेकंद ६०० वॅट, २० सेकंद हलकं, लगेच चार मिनिटं ३०० ते ३१०. त्यानंतर १५ मिनिटं १८० ते २०० वर, आणि परत तेच. सुरुवातीला तीन वेळा, महिनाभराने पाच. आठवड्यातून एकदाच, आणि खाणं शर्यतीसारखंच. तिसऱ्या वेळी ३०० चे २७० व्हायला लागले तर तिथेच थांबा. रडतखडत पाचवी पूर्ण करण्यात काही मिळत नाही.

पाचवा गिअर:

मनापासून आभार सगळ्यांचे. वळणांचा वेग काढला. पुढच्या फळीतल्या आमच्याच दुसऱ्या स्वाराचा किमान वेग ३३-३४, याचा १९ ते २२. तिरपा वारा यांचं निदान अचूक निघालं. गोळ्यांचंही खरं आहे, सरावात कधी आलेले नाहीत. सीटचा व्हिडिओ उद्या काढतो.

दोन गोष्टी राहिल्या. चेन पडण्यामागे सायकलचा दोष की स्वाराचा? आणि पळालेल्या गटाच्या बाबतीत आम्ही काय वेगळं करायला हवं होतं? चेन पडल्यावर त्याच्यासाठी कुणी थांबायला हवं होतं का, यावरून संघात बरीच वादावादी झाली आहे.

तेलकट बोटं:

बहुतेकदा दोघांचा मिळून असतो. ५२ वरून ३६ म्हणजे सोळा दातांची उडी. चेन खाली येताना वरचा भाग क्षणभर सैल असतो. त्याच क्षणी मागेही गिअर बदलला, किंवा पेडलवर पूर्ण जोर असला, तर चेन लहान रिंग ओलांडून आत जाते.

सायकल स्टँडवर लावा. पुढे लहान रिंग, मागे सगळ्यात मोठी चकती. आता पुढच्या डिरेलरच्या (चेन एका रिंगवरून दुसरीवर सरकवणारा भाग) पिंजऱ्याची आतली पट्टी आणि चेन यांच्यात अर्ध्या मिलिमीटरपर्यंतच फट हवी. जास्त असेल तर लो लिमिट स्क्रू (पिंजरा आत कुठवर जाईल ते ठरवणारा) पाव-पाव फेरा फिरवत आणा. केबल सैल करून मगच हे करा, नाहीतर ताण केबलचा असतो आणि खापर स्क्रूवर फुटतं. पिंजऱ्याची बाहेरची पट्टी मोठ्या रिंगच्या दातांपासून १ ते ३ मिलिमीटर वर आणि रिंगला समांतर आहे का तेही बघा. रिंग फिरवून ती डुलत नाही ना, पाहा. चेन ०.५ टक्के झिजली असेल तर बदला, मागे अकरा-बारा चकत्या असलेल्या सायकलला त्यापुढे ताणू नये. शेवटी चेन कॅचर बसवा. लहानसा तुकडा असतो, चेनला घासणार नाही पण आत पडूही देणार नाही इतक्या जवळ.

स्वाराने करायचं ते असं. पायथ्याच्या ५० मीटर आधी, पाय फिरते पण हलके ठेवून, आधी पुढचा गिअर. पेडलचा एक पूर्ण फेरा जाऊ द्यायचा. मग मागचा. तरीही चेन पडलीच तर उतरू नका. पेडल अगदी हलक्या हाताने पुढे फिरवत ठेवा आणि मोठ्या रिंगचं बटण दाबा, बहुतेक वेळा डिरेलर चेन उचलून घेतो, चार-पाच सेकंदांत काम होतं. घाबरून जोर लावला की चेन फ्रेम आणि क्रँकच्या मध्ये अडकते. कार्बन फ्रेम असेल तर तिथे कायमचा ओरखडा.

आता मुख्य मुद्दा. या चढावर लहान रिंगची गरजच काय होती? ५२ आणि २८ वर पेडलच्या एका फेऱ्यात साधारण ३.९ मीटर जातात. २२ च्या वेगाला ९४ आरपीएम (मिनिटाला पेडलचे फेरे) येतात, १९ च्या वेगालासुद्धा ८१. चार मिनिटं मोठी-मोठी जोडी चालवल्याने काही बिघडत नाही, थोडी कुरकुर ऐकू येईल. चेनची लांबी त्या जोडीला पुरते का, एवढं आधी तपासलेलं असावं. संघातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: या वळणावर पुढच्या गिअरला हात लावायचा नाही.

सहावा गडी:

पाठलागाचं गणित आधी. शर्यतीच्या जगात शापातचा नियम म्हणतात, रोबेर शापात या फ्रेंच समालोचकाच्या नावाने: घोळक्याने मनावर घेतलं तर १० किमीत १ मिनिट भरून निघतं. तुमच्याकडे ३० किमी आणि २ मिनिटं १० सेकंद होती. पळालेले ३९ ने जात असतील तर घोळक्याला जेमतेम ४१ ने जायचं होतं. हवेविरुद्धची ताकद वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे १५-१६ टक्के जास्त. हे पकडता येण्यासारखं होतं. फक्त पाऊण तास दोघांनीच ओढून नाही. दोघांत प्रत्येकाचा निम्मा वेळ वाऱ्यात जातो. सहा जण असते तर सहावा हिस्सा.

२०१२ च्या लंडन ऑलिंपिकची पुरुषांची शर्यत याचा धडाच आहे. ब्रिटनचे पाच स्वार, त्यातल्या कॅव्हेंडिश या स्प्रिंटरला शेवटच्या स्प्रिंटला आणायचं म्हणून बाकी चौघे २५० किमीच्या शर्यतीत दिवसभर पुढे ओढत राहिले. बाकीच्या संघांनी हिशेब केला की स्प्रिंट झाली तर कॅव्हेंडिशच जिंकणार, मग आपण मदत का करायची? पुढचा गट सापडलाच नाही, त्यातला कझाकस्तानचा विनोकुरोव जिंकला. ओढणाऱ्या चौघांतले विगिन्स आणि फ्रूम काही दिवसांपूर्वीच टूर द फ्रान्समध्ये पहिला-दुसरा आलेले होते, तरी ही गत. तुमचे दोघे कुठून पुरणार?

म्हणून ओढायला लागण्याआधी सौदा करायचा. गट पळाला की १५-२० सेकंदांत दोन गोष्टी मोजायच्या: किती जण, कोणाच्या जर्सी. ज्या संघांचा माणूस पुढे नाही, त्यांच्याकडे कप्तानाने जाऊन बोलायचं: तुमचा एक, आमचा एक, आत्तापासून. नाही म्हणाले तर तुम्हीही थांबा, दोन मिनिटं पाय सोडून द्या. अंतर वाढलेलं दिसलं की त्यांचा स्प्रिंटरही अस्वस्थ होतो. तरी हलले नाहीत तर पाठलाग सोडा आणि तुमचा एक जण पुढच्या चढावर अटॅक करू दे. त्याच्या मागे लागायची पाळी मग इतरांवर येते. तुमच्या दोघांनी न बोलता सुरू केलं, तिथेच बाकीच्यांचा प्रश्न सुटला.

मुळात चौघे निघाले तेव्हा तुमचा एक जण त्यात हवा होता. सहा जणांत दोघांचं एवढंच काम ठेवा, पहिल्या निम्म्या शर्यतीत प्रत्येक धोक्याच्या गटात आळीपाळीने बसायचं. पुढे आपला माणूस असला की मागे ओढायची जबाबदारीच जाते.

ओढताना प्रत्येकी २० ते ३० सेकंद, वेग तोच ठेवून. पुढे आलेला नवा माणूस उत्साहाने दोन-तीन किमीने वेग वाढवतो आणि नुकताच बाजूला झालेला तुटतो, हे नेहमीचं. वॅट बघू नका, वेग बघा. माळावर वारा डावीकडून आहे, म्हणजे पुढच्याने डावीकडे, वाऱ्याच्या बाजूला सरकायचं आणि त्याच बाजूने मागे यायचं. वर येणारी रांग उजवीकडे, आडोशात.

रेडिओ नसताना माहिती हाच सगळ्यात मोठा अडथळा. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये महिलांच्या शर्यतीत ऑस्ट्रियाची आना कीसेनहोफर सुरुवातीपासून पुढे होती, शेवटचे ४० किमी एकटी. पुढच्या गटातल्या उरलेल्या दोघी सापडल्या तेव्हा मागे अनेकींना वाटलं की रस्ता मोकळा झाला. नेदरलँड्सच्या व्हान व्ल्योटनने रेषा ओलांडताना सुवर्ण मिळाल्यासारखे हात उंचावले, आणि ते रौप्य होतं. तुमच्याकडे तर फेऱ्यांची शर्यत होती. चढावर फलक घेऊन एक माणूस उभा करा. फलकावर दोनच आकडे, ठळक: पुढे किती जण, किती सेकंद. तिथे वेग २२ असतो, आरामात वाचता येतं.

थांबण्याबद्दल: कुणीही थांबायला नको होतं. पुढे ४ किमी आडव्या वाऱ्याचा माळ होता. २०१३ च्या टूर द फ्रान्सच्या तेराव्या टप्प्यात वाल्व्हेर्दे एकूण क्रमवारीत दुसरा होता, आडव्या वाऱ्यात त्याचं चाक निकामी झालं. संघातले बरेच जण त्याच्यासाठी थांबले, तरी त्या दिवशी जवळजवळ दहा मिनिटं गेली, आणि थांबलेला रुई कॉस्ताही क्रमवारीतून गेला. नियम आधीच ठरवून टाका. स्प्रिंटरला काही झालं तर दोघे थांबतील. बाकी कुणासाठी कुणी नाही. शेवटच्या १५ किमीत स्प्रिंटरसाठीही थांबणं नाही, जवळच्याने चाक काढून द्यायचं आणि तिथेच त्या चाक देणाऱ्याची शर्यत संपली.

आखणीतली एक गोष्ट खटकली ती स्पष्ट सांगतो. चार फेऱ्या स्प्रिंटरला वाऱ्यापासून वाचवायचं आणि परत लीडआउटमध्ये तिसरा? ही दोन माणसांची कामं आहेत. पहिलं नीट केलं तर दुसऱ्यासाठी पाय उरत नाहीत. या स्वाराला सांगा, तुझी शर्यत पाचव्या फेरीपर्यंत, त्यात सगळं रिकामं कर. जागा धर, बाटल्या आण, चौथ्या-पाचव्या फेरीत पाठलागात ओढ. मग तो सहाव्या फेरीत तुटला तर ते ठरल्याप्रमाणेच झालं. आणि तुटताना कप्तानाला ओरडून सांगायचं, म्हणजे लीडआउटची रांग नव्याने लावायला वेळ मिळतो.

पाचवा गिअर:

दोन कामांचं पूर्णपणे पटलं, पुढच्या वेळी वाटणी बदलतो. तिरपा वारा, एकच विचारायचं राहिलं. जागा हुकली आणि वळणाला मागेच अडकला, तर त्या वेळेपुरतं काय करायचं?

तिरपा वारा:

वळणाच्या ६०-७० मीटर आधी पेडल थांबवा आणि पुढच्याशी तीन-चार मीटर अंतर पडू द्या. सगळे ब्रेक दाबत असताना तुम्ही त्या मोकळ्या जागेत घरंगळत जाता, आणि वळणातून बाहेर पडताना पुढचे वेग घेत असतात तेव्हा तुम्ही २० ऐवजी २७-२८ ला त्यांच्या चाकावर पोचता. ६२० वॅटच्या झटक्याच्या जागी चारशे-साडेचारशे पुरतात. मागच्याला कळावं म्हणून पेडल एकदम नका थांबवू, दोन-तीन फेरे हलके करत जा, आणि रेषा अजिबात बदलू नका. रुंद वळणावर कुणीतरी त्या जागेत घुसेलच. घुसू द्या, पुन्हा तेवढंच अंतर पाडा. चढाआधीच्या वळणावर मात्र हे एक-दोनदाच चालतं, कारण पुढे लगेच चढ आहे आणि तुम्ही शेपटाला असाल तर घसरायला जागा उरत नाही. तिथे आधीच वर आलेलं असणं याला पर्याय नाही.